मे महिन्यात १० केल्विन

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी वृषभ तारकासमूहातल्या बी-१८ या वायू-धुळीच्या अतिथंड ढगाचं तापमान काढत होते. निरीक्षणं अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या १०० मीटर रेडिओ दुर्बिणीची, सगळ्यांसाठी खुली. मी नागपुरात धरमपेठेत, वाळ्याच्या कूलरसमोर.

ढगात सगळ्यात जास्त हायड्रोजनचे रेणू असतात, पण इतक्या थंडीत त्यांच्याकडून काहीच ऐकू येत नाही. कार्बन मोनॉक्साइड आतल्या दाट भागात धुळीच्या कणांवर गोठून बसतो. अमोनिया मात्र टिकून राहतो. त्याचा नायट्रोजन तीन हायड्रोजनच्या मधून आरपार जातो, वाऱ्यानं छत्री उलटावी तसा. त्यातूनच रेडिओ वर्णपटात २३.७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेषा मिळतात. चार्ल्स टाउन्स आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये त्या आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला पहिल्यांदा टिपल्या.

बेसलाइन, म्हणजे रेषेखालची पार्श्वभूमी, काढल्यावर अमोनियाची कमी ऊर्जेची (१,१) रेषा समोर आली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. पाच शिखरं: मधलं उंच, दोन्ही बाजूंना दोन-दोन बुटकी. (२,२), म्हणजे जास्त ऊर्जेच्या रेणूंची रेषा, मात्र नॉइजमध्ये पार बुडालेली. ढगातल्या शेजारच्या बिंदूंची सरासरी घेतली तेव्हा कुठे तिचा बारीकसा उंचवटा दिसला.

ढग जितका ऊबदार, तितकी (२,२) ठळक. म्हणून दोन्हींच्या उंचीचं गुणोत्तर घेतलं आणि १२ केल्विनच्या थोडं वर उत्तर आलं. मला ते पटलंही होतं. प्रोजेक्टच्या मॅडमनी एवढंच विचारलं, "बाजूच्या रेषा मोजल्यास का?"

मोजल्या नव्हत्या. ढग विरळ असता, तर मधलं शिखर लगतच्या शिखराच्या ३.६ पट भरलं असतं. माझं जेमतेम दुप्पट. म्हणजे मधल्या रेषेचा प्रकाश ढगातच अडत होता, ती खुजी झाली होती, आणि तिच्याशेजारी (२,२) उगाच मोठी वाटत होती.

मग पाचही शिखरांवर एकत्र गणिती वक्र बसवायला, म्हणजे फिट करायला घेतला. यातच दोन दिवस गेले. ढगाच्या वेगाचा सुरुवातीचा अंदाज चुकीचा दिला की फिट बाजूच्या शिखराला चिकटून बसायचं. सेकंदाला ६ किलोमीटर दिला, तेव्हा पाचही जागच्या जागी बसली. ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे ढग स्वतःचाच प्रकाश किती अडवतो ते, धरून पुन्हा आकडेमोड केली: १० केल्विन, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस.

आई कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होती. "काऊन गं, जेवली नाहीस अजून?" तिला आधी आलेख दाखवला, मग जेवले.

आता ढगाच्या कडेचे बिंदू घ्यायचेत. (२,२) तिथे आणखी फिकी आहे.