गॅलॉडेटच्या पोरांनी दोनदा गेट अडवलं

वॉशिंग्टनला पाहुणे आले की व्हाइट हाऊस, कॅपिटल, लिंकन मेमोरियल हे ठरलेलंच. लिंकनच्या पुतळ्यापाशी पोचलो की माझी टेप सुरू होते, की हा पुतळा करणाऱ्या डॅनियल चेस्टर फ्रेंचनेच याच शहरात आणखी एक पुतळा केलाय, त्यात एक माणूस छोट्या मुलीला बोटांनी ए अक्षर शिकवतोय. लिंकनचे हातसुद्धा साइन लँग्वेजमधले ए आणि एल दाखवतात असं इथले लोक सांगतात, पुरावा काही नाही म्हणे, पण सांगायला मजा येते! तर तो दुसरा पुतळा आहे गॅलॉडेट युनिव्हर्सिटीत. कर्णबधिरांची युनिव्हर्सिटी, आणि 1864 मध्ये तिला डिग्री द्यायचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही लिंकनचीच.

रेड लाइनवर नोमा-गॅलॉडेट नावाचं स्टेशन आहे. तिथे मेट्रोचं दार बंद झाल्यावरही पोरापोरींच्या गप्पा काचेतून चालूच असतात, आतला एक बाहेरची दुसरी, गाडी हलेपर्यंत. आपण मात्र दार बंद झालं की फोनवर हॅलो हॅलो करत बसणार.

आता मूळ गोष्ट. 1988 च्या मार्चमध्ये गॅलॉडेटला नवा प्रेसिडेंट निवडायचा होता, म्हणजे आपल्याकडचा कुलगुरू म्हणा. 124 वर्षांत सहा प्रेसिडेंट झाले आणि सहाही ऐकू येणारे! यावेळी शेवटच्या तिघांत दोघं कर्णबधिर होते, तिसऱ्या एलिझाबेथ झिन्सर, नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोच्या युनिव्हर्सिटीतल्या मोठ्या अधिकारी, ऐकू येणाऱ्या, साइन लँग्वेज येत नाही. बोर्डाने, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या विश्वस्त मंडळाने, निवडलं कुणाला, तर त्यांना. 6 मार्चला, रविवारी संध्याकाळी, कॅम्पसवर छापील कागद वाटले गेले, बोर्डातलं कुणी समोर येऊन सांगायलाही नाही, ते सगळे मेफ्लॉवर हॉटेलात. पोरं भडकली आणि रात्रीच चालत हॉटेलवर धडकली.

सोमवारी सकाळी गेटं बंद. गाड्या आडव्या लावल्या, टायरमधली हवा सोडून दिली, सायकलची जाडजूड कुलुपं घातली. मागण्या चारच: झिन्सरऐवजी कर्णबधिर प्रेसिडेंट हवा, बोर्डाच्या अध्यक्ष जेन स्पिलमन यांनी जावं, बोर्डात 51 टक्के कर्णबधिर असावेत, आणि आंदोलन केलं म्हणून कुणावर कारवाई नको. त्या दुपारी स्पिलमनबाई मोठ्या हॉलमध्ये बोलायला उभ्या राहिल्या आणि आधीच एक प्राध्यापक पुढे येऊन हातांनी सांगून गेले, की बोर्डाने काहीही मान्य केलेलं नाही, चला बाहेर. हॉल रिकामा व्हायला लागला. त्यात कुणीतरी फायर अलार्म वाजवला, तर बाई म्हणतात की या आवाजात बोलणं अवघड आहे. समोर बसलेल्यांना कसला आलाय आवाज! मला विचाराल तर आंदोलन तिथेच जिंकलं, पुढचं सगळं कागदोपत्री.

पुढचं भराभर झालं. टीव्हीवर नाइटलाइनमध्ये विद्यार्थी नेता ग्रेग लिबॉक थेट झिन्सरबाईंसमोर बसला, गुरुवारी बाईंनी राजीनामा दिला, शुक्रवारी अडीच हजारांच्या आसपास लोक कॅपिटलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, चालून गेले, मार्टिन ल्यूथर किंगच्या जयंतीची सुट्टी मिळवायच्या मोहिमेतलं जुनं बॅनर उसनं आणून. 13 मार्चला स्पिलमनही गेल्या आणि त्या दोघा कर्णबधिर उमेदवारांपैकी आय. किंग जॉर्डन प्रेसिडेंट झाले. जॉर्डन एकविसाव्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात बहिरे झालेले. चारही मागण्या मान्य, एका आठवड्यात! आपल्याकडे एवढ्यात चौकशी समितीची पहिली मीटिंगसुद्धा होत नाही.

ही गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण यात कोण बरोबर आणि कोण चूक ते लगेच कळतं. 2006 चं तसं नाही.

त्या वर्षी जॉर्डन निवृत्त होणार होते आणि मे महिन्यात बोर्डाने निवड केली जेन फर्नांडिस यांची. जन्मतः कर्णबधिर, आई आणि भाऊही कर्णबधिर, गॅलॉडेटच्याच प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक कारभाराच्या प्रमुख. मग भांडण कशाचं? बाई बोलायला शिकून वाढल्या, साइन लँग्वेज तेविसाव्या वर्षी शिकल्या, आणि पेपरवाल्यांनी लगेच हेडलाइन उचलली की त्या 'पुरेशा बहिऱ्या नाहीत' म्हणून पोरं चिडलीत. फर्नांडिसबाईंनी स्वतःही तसं म्हटलं होतं. पोरं ओरडून सांगत होती की तसं नाहीये, निवडीची पद्धतच बरोबर नव्हती, ग्लेन अँडरसन हे बोर्डाचे माजी अध्यक्ष, कृष्णवर्णीय आणि कर्णबधिर, त्यांना शेवटच्या यादीतही घेतलं नाही, आणि प्रोव्होस्ट असताना बाईंनी कुणाचं ऐकलं नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेटं बंद, तंबू, उपोषण. 13 ऑक्टोबरला पोलिसांनी शंभराच्या वर लोकांना उचलून नेलं, आणि तेही जॉर्डन प्रेसिडेंट असताना! ज्या माणसासाठी 88 मध्ये गेट अडवलं त्याच्याच काळात गेटवरच्या पोरांना अटक, आणि तो फर्नांडिसच्या बाजूने ठाम उभा. 29 ऑक्टोबरला बोर्डाने निवड मागे घेतली.

मी साइन लँग्वेज शिकायला जाते त्या क्लासच्या बाई स्वतः कर्णबधिर आहेत. (इथली अमेरिकन साइन लँग्वेज आपल्याकडे चालत नाही बरं का, इथे एबीसीडी एका हाताने, आपल्याकडे दोन्ही हातांनी.) 88 विचारलं की त्यांचे हात खांद्याच्या वर जातात, खुर्ची सोडून उभ्या राहतात, टायरची हवा कशी सोडली ते सगळं करून दाखवतात. 2006 विचारलं तर आधी मान हलवली, मग छोट्या छोट्या खुणांनी सांगितलं की त्या आणि त्यांची बहीण दोन बाजूंना होत्या आणि कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

मला वाटतं दोन्ही वेळेला प्रश्न एकच होता, आमचं आम्हाला न विचारता ठरवता कसं. पहिल्या वेळी ठरवणारे ऐकू येणारे होते म्हणून जगाला पटकन कळलं, दुसऱ्या वेळी बोर्डातले बरेचसे कर्णबधिरच, म्हणून पेपरवाल्यांना त्यात घरगुती भांडण दिसलं. अर्थात फर्नांडिसबाईंचं वाईट वाटतंच, आयुष्यभर कर्णबधिर राहूनही हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय. आपल्याकडे तर मूकबधिर शाळेच्या संस्थेवर ट्रस्टी कोण, त्यात एकतरी कर्णबधिर आहे का, हे विचारायला अजून सुरुवातही नाही, गेट अडवणं दूरच.

गॅलॉडेटला 2016 मध्ये पहिली कर्णबधिर स्त्री प्रेसिडेंट मिळाली, रोबर्टा कॉर्डानो. आणि फर्नांडिसबाई 2014 मध्ये गिलफर्ड कॉलेजच्या प्रेसिडेंट झाल्या, ऐकू येणाऱ्यांच्या कॉलेजच्या. ते कॉलेज आहे ग्रीन्सबरोला, म्हणजे झिन्सरबाई जिथून आल्या होत्या त्याच गावात.