डेटोनाला जाताना सोमवार मोकळा ठेवा

रविवारी, 18 फेब्रुवारी 2024 ला, सकाळी हॉटेलच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि अण्णा म्हणाले, "आज काय होत नाही." त्यांनी हवामानाचं ॲप उघडलं नव्हतं. आभाळ सगळीकडून एकसारखं करडं होतं, कुठे फट नव्हती, एवढंच त्यांनी पाहिलं. न्याहारी आटोपते तोवर फोनवर निरोप आला की डेटोना 500, म्हणजे जिच्यासाठी आम्ही आलो होतो ती फ्लोरिडातल्या डेटोना बीचची मोटारशर्यत, सोमवारी दुपारी चार वाजता होईल.

आम्ही तिघं होतो: मी, माझी अकरा वर्षांची मुलगी आणि कराडहून चार महिन्यांसाठी आलेले अण्णा. अण्णांनी एसटीच्या कार्यशाळेत 34 वर्षं काढली. ते आल्यावर डिस्ने दाखवायचं की हे, असा प्रश्न होता. मी फार विचार केला नाही. अटलांटाहून गाडीनं जवळपास साडेचारशे मैल, वाटेत दोन थांबे. शनिवारी सकाळी निघालो आणि जॅक्सनव्हिलच्या पुढे पावसानं गाठलं, तो डेटोना बीचपर्यंत सोबत होता.

तुम्ही जाणार असाल तर पहिली गोष्ट हीच की फ्लोरिडातल्या फेब्रुवारीच्या शर्यतीचं नियोजन दोन दिवसांचं करा. पावसामुळे ही शर्यत आधीही सरकली आहे. 2012 मध्ये ती पहिल्यांदाच पूर्णपणे सोमवारवर गेली. 2020 मध्ये रविवारी 20 फेऱ्या झाल्या आणि उरलेल्या सोमवारी. 2014 मध्ये मधेच सहा तासांहून जास्त खोळंबा झाला, पण त्याच रात्री शर्यत संपली. याउलट 2009 मध्ये 152 फेऱ्यांवर पाऊस आला आणि तिथेच निकाल लावला. निम्मं अंतर झालं की शर्यत अधिकृत धरता येते, त्यामुळे उरलेल्या फेऱ्या पाहायला मिळतीलच असं नाही.

आमची हॉटेलची खोली रविवार रात्रीपर्यंतच होती. सोमवारच्या रात्रीसाठी विचारलं तर ती आधीच दुसऱ्या कुणाला गेली होती, आणि आसपासच्या खोल्यांचे दर तासातासाला चढत होते. शेवटी जॅक्सनव्हिलच्या अलीकडे एक मोटेल मिळालं. म्हणून सांगतो, बुकिंग करताना सोमवारची रात्र आधीच धरा, रद्द करता येईल अशा अटीवर. त्या सोमवारी प्रेसिडेंट्स डे होता, शाळेला सुट्टी, त्यामुळे मुलीची सोय झाली. माझ्या कार्यालयाला सुट्टी नव्हती. सोमवार-मंगळवार दोन्ही दिवसांची रजा आधीच टाकली होती म्हणून निभावलं. शर्यत पुढे गेली तर तेच तिकीट दुसऱ्या दिवशी चालतं, पैसे परत मिळतील या आशेवर राहू नका. ज्यांच्याकडून तिकीट घ्याल त्यांच्या पावसाबद्दलच्या अटी घेण्याआधीच वाचा.

रविवारचा दिवस वाया गेला असं मात्र मला वाटत नाही. स्पीडवे, म्हणजे ही शर्यत होते तो ट्रॅक, 1959 मध्ये उभा राहिला. त्याआधी या गावातल्या शर्यती समुद्राच्या पुळणीवर व्हायच्या. एक बाजू वाळूची, दुसरी डांबरी रस्त्याची, आणि दोन्ही टोकांना वाळूतलं वळण. पाऊस थोडा उणावल्यावर आम्ही दक्षिणेला पाँस इनलेटच्या बाजूला गेलो. त्या जुन्या वाटेचं उत्तरेकडचं वळण जिथे होतं तिथे आता एक खाणावळ आहे. तेव्हा शर्यतीची वेळ भरती-ओहोटी बघून ठरवावी लागे, नाहीतर अर्धी वाटच पाण्याखाली. अण्णा वाळूत चप्पल दाबून बराच वेळ उभे होते. ओल्या वाळूत पाऊल फारसं रुतत नव्हतं. "म्हणून इथं पळवल्या," ते म्हणाले. परतताना स्ट्रीमलाइन हॉटेलवरून गेलो. डिसेंबर 1947 मध्ये बिल फ्रान्स सीनियर यांनी तिथे जमवलेल्या बैठकीतून नॅस्कार, म्हणजे या शर्यती भरवणारी संस्था, जन्माला आली. पाऊस लागला तर खोलीत टीव्ही बघत बसण्यापेक्षा या दोन जागा बघा.

सोमवारी बाराच्या सुमारास आम्ही स्टँडमध्ये जाऊन बसलो, आणि माझ्या मते सगळ्या सहलीतले सर्वांत चांगले दोन-तीन तास तिथून सुरू झाले. खाली ट्रॅक वाळवायचं काम चाललं होतं. अडीच मैलांचा ट्रॅक, वळणांवर 31 अंशांचा उतार. टीव्हीवर हा उतार कळत नाही. समोर बघितला की डोंगराची कड वाटते. हा भराव घालायला लागलेली माती मधल्या मोकळ्या जागेतूनच काढली. तो खड्डा म्हणजे आज दिसणारा लेक लॉइड.

वाळवायला एअर टायटन नावाची यंत्रणा वापरतात. दाबाखालची हवा अरुंद फटीतून ट्रॅकवर मारून पाणी उताराकडे ढकलायचं, खाली जमलेलं पाणी ओढून घ्यायचं, आणि मागून जेट इंजिन बसवलेल्या गाड्यांनी उरलेली ओल उडवायची. हे एकदा फिरून होत नाही. वरून ट्रॅक कोरडा दिसतो आणि अर्ध्या तासानं त्याच जागी काळा ओघळ येतो. उतारात मुरलेलं पाणी डांबराच्या सांध्यांतून बाहेर येत राहतं. अण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. पाऊस थांबल्यावर दोन दिवस कुंभार्ली घाटात कडेचा दगड पाझरत राहतो, तसंच हे.

"पण ओल्यात पळवत का नाहीत?" मुलीनं विचारलं. मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात अण्णांनी पिट रस्त्यावर, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात तिथे, मांडलेल्या चाकांकडे बोट केलं. दुर्बिणीतून बघून ते म्हणाले, "अगं, सगळे गोटा टायर आहेत. एक खाच नाही." मग त्यांनी तिला सांगितलं की खाच पाणी बाहेर काढायला असते. ती नसली की टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. कोरड्यात मात्र गुळगुळीत रबर जास्त चिकटून धरतं, म्हणून इथे मुद्दाम तसे टायर. कार्यशाळेत असा टायर दिसला की गाडी बाहेर सोडायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम, आणि इथे 40 गाड्या त्यावरच पळणार. नॅस्कारकडे खाचांचे टायर आहेत. वळणावळणाच्या ट्रॅकवर आणि काही छोट्या ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर), ट्रॅक दमट असताना, ते वापरतातही. ताशी 180 मैलांच्या पुढे, एकमेकांना जवळपास टेकून, डोळ्यांवर पाण्याचा फवारा घेत 31 अंशांच्या उतारावर ते चालायचं नाही. चाक एकाच नटावर बसतं हे पाहून तर अण्णा दुर्बीण कुणाला देईनात.

या वेळेत उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो. छत्री स्टँडमध्ये नेऊ देत नाहीत. पँटसकट रेनकोट घ्या, आणि खाली घालायला एक कोरडा मोज्यांचा जोड. बसायला जुना टॉवेल घ्या, ओली खुर्ची पुसायला तोच कामाला येतो. छप्पर फक्त अगदी वरच्या ओळींवर आहे. बाकीच्यांनी सर आली की मागच्या रुंद मार्गिकेत जायचं. तिथे जागा भरपूर आहे, सरकते जिने आहेत, त्यामुळे अण्णांच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. खाणं बरोबर नेता येतं, काच सोडून. पिशवीच्या मापाचे नियम मात्र निघण्याआधी बघून घ्या. आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा नेला होता. शाकाहारी माणसाला आत फ्रेंच फ्राइज आणि प्रेट्झेलच्या पुढे फार काही सापडत नाही, आणि खोळंबा झाला की तेही तीनदा खावं लागतं. वीज आठ मैलांच्या आत पडली तर काम आणि शर्यत किमान अर्धा तास थांबते, नंतर पुन्हा कडाडली की तो अर्धा तास नव्यानं मोजायचा. स्वस्त जागेसाठी खालच्या ओळी घेऊ नका. खालून गाडी येते आणि जाते, एवढंच. वरून मागची सरळ वाट आणि गाड्यांचा अख्खा जथा दिसतो, आणि या शर्यतीचा अर्थ त्या जथ्यात आहे.

कानाला संरक्षण हवंच, मुलांना तर चांगल्या प्रतीचं. भाड्यानं स्कॅनर मिळतो, त्यात चालक आणि वर उभा राहून वाट सांगणारा स्पॉटर यांचं बोलणं ऐकू येतं. आम्ही एक घेतला आणि तिघांत फिरवला.

चारनंतर गाड्या सुटल्या तेव्हा छातीत जे जाणवतं ते लिहून सांगता येत नाही. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांतच टक्कर झाली. मग अंधार पडला, दिवे लागले, गारठा वाढला. (स्वेटर न्या. फ्लोरिडा आहे म्हणून फसू नका.) शेवटच्या नऊएक फेऱ्या राहिल्या असताना वीसहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि शर्यत थांबवली. पुन्हा सुटली, आणि शेवटची फेरी सुरू होताना रॉस चास्टेन आणि ऑस्टिन सिंड्रिक गरगरले. धोक्याचा पिवळा दिवा लागला आणि शर्यत तिथेच संपली; त्या क्षणी पुढे कोण होतं हे तपासलं गेलं. विल्यम बायरन. 26 वर्षांचा मुलगा, कॉम्प्युटरवरच्या शर्यतींतून या खेळात आलेला, दिवसभरात फक्त चार फेऱ्या आघाडीवर. ॲलेक्स बोमन दुसरा.

गाडी दूरच्या गवताच्या मैदानात होती आणि तिथे पावसानं चिखल झालेला. घाईनं निघालेल्या काही गाड्या रुतलेल्या दिसल्या. शक्य असेल तर डांबरी पार्किंग घ्या, आणि संपल्यावर निदान तासभर उठू नका. आम्ही बसून राहिलो. गर्दी ओसरली तसे अण्णा एकेक पायरी उतरत थेट खालच्या ओळीत गेले आणि खुर्च्यांखाली वाकून काहीतरी शोधू लागले. परत आले तेव्हा तळहातावर टायरच्या रबराचे चार-पाच काळे गोळे होते, कुंपणावरून उडून आलेले. त्यांनी ते नखानं दाबून पाहिले, वास घेतला, कागदी रुमालात बांधले आणि खिशात ठेवले. कराडच्या कार्यशाळेतल्या मित्रांना दाखवायचे आहेत म्हणाले.