बारावी कुठून देताय ते आधी बघा, मग राज्याबाहेर जायचं बोलू

परराज्यात नंबर लागेल का आणि लागला तर स्कॉलरशिप बसेल का, हे दोन प्रश्न लोक बारावीचा रिझल्ट हातात आल्यावर विचारायला लागतात. मला मनापासून वाटतं की हे प्रश्न दहावीच्या सुट्टीत विचारायला पाहिजेत. तोवर मुलाची अकरावी कुठे घ्यायची ते ठरलेलं नसतं आणि खरी मेख तिथेच असते.

गेल्या जूनमध्ये ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला, मुलगा राजस्थानात कोटा शहरात क्लासला होता, जेईईची रँक चांगली आली होती, आणि जोसाचा, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या ॲडमिशनचा, फॉर्म भरताना होम स्टेटच्या जागी राजस्थान दिसत होतं. ताई म्हणाल्या, "अहो पण रेशनकार्ड, डोमिसाइल, शेत, सगळं परभणीचं आहे की आमचं!" सगळं खरं, पण एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजांना, डोमिसाइलशी काही देणंघेणं नाही. तिथे तुम्ही बारावी पहिल्यांदा ज्या राज्यातून पास झालात ते तुमचं होम स्टेट, बास. कोट्यातल्या शाळेत नुसतं नाव घातलेलं असलं आणि मुलगा दिवसभर क्लासलाच बसलेला असला तरी हिशोब राजस्थानचाच. म्हणजे त्याला जयपूरच्या एमएनआयटीत होम स्टेटच्या राखीव जागांतून ॲडमिशन, आणि आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीत तो बाहेरचा. यात त्याचं नुकसानच झालं असंही नाही, रँक कुठे बसते त्यावर आहे, पण ॲडमिशन घेताना हे त्या माउलीला कुणीही सांगितलं नव्हतं याचा मला फार राग आला.

राज्याच्या कॅप राऊंडचं, म्हणजे राज्य सरकारच्या ॲडमिशनच्या फेऱ्यांचं, गणित परत वेगळं. इंजिनिअरिंगला आईवडिलांपैकी कुणाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर बारावी बाहेरून झाली तरी टाइप बी या गटातून मार्ग निघतो. मेडिकलला मात्र राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, वर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच लागतात, बदलीच्या नोकरीवाल्यांच्या मुलांसाठी वगैरे काही अपवाद आहेत तेवढे सोडले तर. म्हणजे नीटसाठी पोराला बाहेर पाठवलं आणि बारावीही तिथूनच दिली तर हातात उरतो १५ टक्के ऑल इंडिया कोटा, डीम्ड युनिव्हर्सिटी आणि एम्ससारख्या संस्था. क्लास कोट्याला लावायचा तर लावा, पण बारावीचा फॉर्म कुठल्या शाळेतून जाणार हे पैसे भरायच्या आधी शांतपणे विचारून घ्या.

आता नंबर लागायचं म्हणाल तर एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटच्या आणि निम्म्या बाहेरच्यांच्या. महाराष्ट्रात एनआयटी एकच, म्हणजे अख्ख्या राज्याची पोरं त्या एका कॉलेजच्या अर्ध्या जागांवर तुटून पडणार, आणि बाकीच्या तीस एनआयटीत आपण अदर स्टेट. म्हणून फक्त नागपूर नागपूर करत बसू नका, सुरतकल, वारंगल, कालिकत, राउरकेला, सिल्चर सगळीकडचे मागच्या वर्षीचे शेवटच्या राऊंडचे क्लोजिंग रँक, म्हणजे कुठल्या रँकपर्यंत जागा मिळाली ते, काढा, आणि काढताना क्वोटाच्या कॉलममध्ये ओएस (अदर स्टेट) आहे ना ते बघा, कारण लोक एचएसचा (होम स्टेटचा) आकडा बघून आशा लावतात. मुलगी असेल तर फीमेल ओन्ली वाली ओळ वेगळी बघायची. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्यात आणि तिथे रँक बऱ्याचदा बरीच खालपर्यंत जाते. आणि हो, बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डातले टॉप २० पर्सेंटाइल ही अट आहेच, एससी एसटीला ६५ टक्के. आयआयटीत होम स्टेट भानगडच नाही, तिथे सगळे सारखे.

आता पैशाचं, ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. एनआयटीची ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाख, आणि माफी देताना ते राज्य बघत नाहीत. एससी, एसटी, दिव्यांग मुलांना पूर्ण माफ, घरचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, एक ते पाच लाखात दोन तृतीयांश माफ. म्हणजे चार लाख उत्पन्नवाल्या घराला ट्यूशन साधारण ४२ हजारात पडते. पण उत्पन्न पाच लाखाच्या वर गेलं की काहीच नाही, पूर्ण सव्वा लाख. आणि आपल्याकडे राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आठ लाखापर्यंत चालते, निम्मी ट्यूशन फी मिळते, आणि २०२४ च्या निर्णयानंतर ईडब्ल्यूएस (आर्थिक मागास), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींची तर पूर्ण फी माफ. फक्त ती राज्यातल्या कॉलेजला कॅपमधून ॲडमिशन घेतली तरच. त्यामुळे पाच ते आठ लाखाच्या मधलं जे घर आहे ना, शिक्षकाचं, छोट्या दुकानदाराचं, त्याला राज्याबाहेर जाणं सगळ्यात महाग पडतं, त्यात मुलगी असेल तर इकडे शून्य आणि तिकडे सव्वा लाख, शिवाय हॉस्टेल, मेस, दिवाळीचं तिकीट. तरीही मी म्हणेन की चांगली ब्रांच मिळत असेल तर पाठवा, पण हा आकडा कागदावर मांडून पाठवा.

काही गोष्टी राज्याबाहेरही बरोबर येतात. केंद्राची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप, बोर्डात आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना, पहिली तीन वर्षं १२ हजार आणि पुढे २० हजार, देशात कुठेही शिका. रक्कम लहान वाटते पण मेसचे काही महिने निघतात. मात्र दुसरी स्कॉलरशिप किंवा फी माफी घेत असाल तर ही मिळत नाही, म्हणून आधी कुठली मोठी ते बघा. एससी मुलांची पोस्ट मॅट्रिक ज्या राज्याचे आपण त्या राज्याने द्यायची असते, शिकायला बाहेर गेलं तरी. आणि कर्ज काढायचं तर पीएम विद्यालक्ष्मी बघा, तारण नको, जामीनदार नको, आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखापर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, यादीतल्या संस्था असतील तर.

दाखल्यांचं तर हात जोडून सांगते. जोसाला राज्याचा जातीचा दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन क्रीमीलेयर लागतं आणि तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं, ईडब्ल्यूएसचंही तसंच. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, तेव्हा आधी यादीत नाव शोधा. मराठा मुलांनी लक्षात ठेवा की एसईबीसीचं आरक्षण राज्यापुरतं, बाहेर केंद्राच्या संस्थेत ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल तर तो दाखला काढा. दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात जूनमध्ये रांग लागते, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर काम होतं.

शेवटचं, बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्यांसाठी. सीमाभागातल्या शाळेतून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग कॅपमध्ये टाइप ई या गटातून अर्ज करता येतो, त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं. तिकडची बरीच मुलं कॉमेडकेच्या, म्हणजे कर्नाटकातल्या खासगी कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेतून होणाऱ्या ॲडमिशनच्या, फीचाच विचार करून बसतात. तुमच्या ओळखीत तिकडचं कुणी असेल तर एवढा एक परिच्छेद तरी त्यांना पाठवा.