मक्कळु इद्दारे

नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेली एक चूक मला अजून तोंडपाठ आहे. ‘मक्कळु ऊट माडताइवे.’ मुलं जेवतायत, एवढंच मला कन्नडमध्ये म्हणायचं होतं.

शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारी. सरकारी मराठी प्राथमिक, पहिली ते पाचवी, पटावर एकोणीस मुलं. शिकवायला हेडमास्तर आणि मी, म्हणजे अतिथी शिक्षिका. मी बेळगावची, शहापुरात वाढलेली, सगळं शिक्षण मराठीतून. माझं कन्नड पेपर सोडवण्यापुरतं आणि भाजी घेण्यापुरतं. रोज सकाळी लाल बस, कंडक्टरला आधार कार्ड दाखवायचं आणि शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना प्रवास फुकट झाला नसता, तर माझ्या मानधनातलं बरंचसं बसमध्येच गेलं असतं.

पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत, नली-कली म्हणजे खेळत शिकायच्या पद्धतीची कार्डं घेऊन गोल बसायची. ही पद्धत १९९५ मध्ये म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली, हे डी.एड.च्या परीक्षेत मी पाठ करून लिहिलं होतं. कोणतं मूल त्यातल्या धड्यांच्या शिडीच्या कुठल्या पायरीवर आहे हे लक्षात ठेवायलाच मला महिना गेला. चौथी-पाचवी मात्र मला सोपी वाटली होती. तिथे फळा होता, वही होती, आणि माझ्या हातात लाल पेन होतं.

त्या लाल पेनाचं सांगायला हवं. जुलैत मी चौथीला ‘आमच्या घरी आज’ यावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलानं लिहिलं होतं: ‘पाऊस पडूलालाय. आई रोप लावूलालीय. बाबा चिखल करूलालाय. मी म्हसरं राखूलालोय. आजी एकटीच घरात बसूलालीय.’ मी पाचही क्रियापदांखाली रेघ ओढली, वर ‘पडत आहे, लावत आहे’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली शेरा दिला: प्रमाणभाषेत लिहावे. पान लालभडक झालं. मला वाटलं, झालं आपलं काम.

त्यानंतर त्याचं लिहिणंच आटलं. पाच वाक्यं सांगितली की दोन लिहायचा, आणि दोन्ही पुस्तकातली. ‘गाय हा उपयुक्त प्राणी आहे.’ त्यात चूक काढायला जागाच नसायची. खरं सांगते, मी खूश होते. पोरगं सुधारलं, असं हेडमास्तरांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, “बघा हं टीचर, बोलायचं पण कमी आलंय त्याचं.” मी ते कानाआड केलं.

मग तो दिवस आला. हेडमास्तर खानापूरला मीटिंगला गेलेले, पाऊस पहाटेपासून ओतत होता, आणि पाचही वर्गांना मी एकटी. सकाळचं दूध देऊन झालं, दोन तास कसेबसे रेटले. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेच्या, मावशींनी भात-सांबार वाढायला घेतलं, मुलं मागच्या पडवीत ओळीनं बसली, आणि मी हजेरीचा आकडा रजिस्टरात भरत होते. रजिस्टर कन्नडमधलं. रकान्यांची नावं मी चित्रासारखी ओळखायची. तेवढ्यात रेनकोट निथळत क्लस्टरचे, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे, साहेब दारात उभे.

रिकाम्या वर्गात नजर फिरवून त्यांनी विचारलं, “मक्कळु एल्ली, टीचर?”

मी उठले. वाक्य मनात जुळवलं, दोनदा तपासलं आणि ठणकावून म्हणाले, “सर, मक्कळु ऊट माडताइवे.”

साहेब आधी थांबले आणि मग मोठ्यानं हसले. “टीचर, दनगळु इवे. मक्कळु इद्दारे.” दनगळु म्हणजे गुरं. पाचवीच्या दोघींना ते बरोबर कळलं, त्यांनी पडवीभर केलं, आणि ताटावर बसलेल्या सतरा जणांनी एका सुरात ‘हम्माऽऽ’ केलं. मावशींच्या हातातली पळीसुद्धा हलत होती. माझे कान तापले.

माणूस वाईट नव्हता. व्हिजिट बुकात लिहिता लिहिता त्यांनी समजावलं, एकच मूल असेल तर ‘मगु इदे’ म्हणतात, तिथे ‘इदे’ चालतं. पण मक्कळु झाली की ‘इद्दारे’च, माणसांसारखं. मी मान हलवत होते. ते गेल्यावर कोड्यातला तुकडा जागेवर बसावा तसं झालं. माझं ‘इवे’ आभाळातून पडलं नव्हतं. मराठीत मूल नपुंसकलिंगी, ‘ती मुलं’ही नपुंसकलिंगी, म्हणून मी सरळ कन्नडचं नपुंसकलिंग लावून मोकळी झाले होते. चूक होती, पण तिच्यामागे माझी अख्खी भाषा उभी होती. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ऐकायला होती फक्त ‘हम्मा’ करणारी पोरं. उरलेल्या दुपारभर मी कन्नडचा एक शब्द तोंडातून काढला नाही. पाचवीचा कन्नडचा तास होता, तर गणित घेतलं.

परतीच्या बसमध्ये आईचा फोन आला. पावसामुळे काळजीत होती. “कुठं हाईस?” म्हणाली. मी म्हटलं, “बसमध्ये बसूलालेय गं, किणये आलं आत्ता.”

फोन ठेवला आणि माझेच शब्द कानात आले. बसूलालेय. लाल रेघ मारलेलं पाचवं वाक्य: आजी एकटीच घरात बसूलालीय. घरी जन्मभर हेच बोलत आले, आणि शाळेच्या पायरीवर चप्पल काढावी तसं ते बाहेर काढून आत जात होते. त्याहून जास्त बोचलं ते दुसरंच. लावणीच्या दिवसात सगळं घर शेतात आणि म्हातारी एकटी, हे त्या पोरानं लिहिलं होतं, आणि मी ते वाचलंच नव्हतं. मी फक्त क्रियापदं वाचली होती.

दुसऱ्या दिवशी त्याची वही मागितली. तो घाबरला. मी म्हटलं, “आजी कशी आहे रे?” त्यानं आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारतेय का म्हणून. मग म्हणाला, “बरी हाय. गुडघा दुखूलालाय.”

फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘घरात’, उजवीकडे ‘पुस्तकात’. डावीकडे लिहिलं ‘पाऊस पडूलालाय’, उजवीकडे ‘पाऊस पडत आहे’. खाली, माझी लाज म्हणून, ‘मक्कळु इवे’ लिहून त्यावर स्वतःच काट मारली. वर्ग पुन्हा हंबरला. या वेळी मीही हंबरले.

तो मात्र फळ्याकडे बघत बसला होता. बऱ्याच वेळानं हात वर केला, त्या महिन्यात पहिल्यांदा.

“टीचर, ह्ये दोन्ही येकच नव्हं.”

“का रे?”

“पडत आहे म्हंजे बारीक पाऊस.” मग खिडकीबाहेर, जिथे कौलांवरून पाण्याची धार लागली होती, तिकडे बोट दाखवलं. “ह्यो पडूलालाय.”