जेवणानंतरची धडधड

फणसाचे गरे, वालाची उसळ किंवा गणपतीतले उकडीचे मोदक पोटभर खाऊन आडवे झाले की छातीत धडधडू लागते, ही तक्रार आमच्या रत्नागिरीकडे घरोघरी ऐकू येते आणि ‘गॅस झाला असेल, ओवा खा’ हे उत्तरही ठरलेले असते. या उत्तरात तथ्य आहे. मात्र ते ईसीजी काढण्याआधी दिले जाते, याची मला फार काळजी वाटते.

हृदयविकाराचा झटका, विशेषतः हृदयाच्या खालच्या भागाला आलेला, पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागातील जळजळ, मळमळ आणि ढेकर यांच्याच रूपाने प्रकट होतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाला छातीत कळ येईलच असे नाही. आपल्याकडे हृदयावरील मोठ्या उपचारांसाठी अनेकांना घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते, त्यामुळे ओव्यावर घालवलेला तास परवडणारा नसतो. धडधडीबरोबर घाम, धाप, भोवळ किंवा जबड्याकडे अथवा हाताकडे सरकणारी वेदना असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तपासण्या निर्दोष आल्या तरी धडधड खोटी ठरत नाही. माझ्या मावशीला ‘मनावर घेऊ नका’ असे सांगून घरी पाठवले होते; पुढे दिवसभर अंगावर लावून ठेवण्याच्या होल्टर यंत्रावर रात्रीच्या जेवणानंतरच अधूनमधून अवेळी पडणारे ठोके स्पष्ट दिसले. ते धोक्याचे नव्हते, परंतु ते होते, आणि एवढे कळल्यानेच तिला झोप लागू लागली.

यामागे शरीराची रचनाच आहे. पोट आणि हृदय यांच्यामध्ये श्वासपटलाचा पातळ पडदा असतो, आणि जठर वायूने फुगले की तो वर ढकलला जातो. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेला, म्हणजे डावीकडच्या वरच्या कप्प्याला, मागून जवळजवळ लगटूनच खाली उतरते. शिवाय मेंदूतून निघणारी व्हेगस ही एकच चेता हृदयाच्या गतीवर नियंत्रण ठेवते आणि जठर-आतड्यांपर्यंतही पोहोचते, त्यामुळे पोटातील ताण किंवा अन्ननलिकेतील दाह यांचे पडसाद ठोक्यांत उमटू शकतात. जर्मन डॉक्टर लुडविग रोमहेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या संबंधाचे वर्णन केले, म्हणून त्याला रोमहेल्ड सिंड्रोम असे नाव पडले. भरपेट जेवणानंतर आतड्यांना जास्त रक्त लागते व नाडी थोडी वाढते, हे तर निरोगी माणसातही घडते.

पावसाळ्यातील जुलाबांचा संबंध याहून वेगळा आणि अधिक गंभीर आहे. जुलाब-उलट्यांतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम निघून गेले, तर हृदयाचा ताल खरोखरच बिघडू शकतो. अशा वेळी मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस वेळेवर सुरू करणे आणि अशक्तपणाबरोबर धडधड जाणवल्यास रक्ततपासणी करून घेणे आवश्यक असते.

पित्तावरच्या गोळ्यांविषयीही लिहिलेच पाहिजे, कारण ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल रोज उपाशीपोटी घेण्याची सवय आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू राहते. या गटातील औषधे दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते आणि त्यातून ठोके अनियमित होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये दिला होता. म्हणजे पोटामुळे धडधडते असे मानून घेतलेली गोळीच क्वचित धडधडीचे कारण ठरू शकते. ती मनाने बंद करू नये, पण किती काळ घेत आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्याचबरोबर धडधड जेवणानंतर किती वेळाने आली, काय खाल्ले होते, चहा किती झाला होता आणि ढेकर आल्यावर बरे वाटले का, हेही लिहून न्यावे. मावशीच्या बाबतीत रात्रीचे जेवण लवकर व थोडके करणे आणि त्यानंतर दोन-तीन तास आडवे न होणे एवढ्याने पुष्कळ फरक पडला. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन मात्र डॉक्टरांनी आधी तपासून घेतले होते.