रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय काय?

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग दुखतंय काय?’ हे मला नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात. हल्ली ज्यांच्या स्वतःच्याच तळपायांची रात्रभर आग होते, असे लोकही विचारतात. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर सांगते.

मला स्मॉल फायबर न्यूरोपथी आहे, म्हणजे नसांमधले बारीक तंतू बिघडलेत. नसांमध्ये जाड तंतू असतात तसे बारीकही असतात. स्पर्श, कंपन आणि स्नायूंची हालचाल ही जाड तंतूंची कामं. थंड-गरम आणि वेदना यांची खबर प्रामुख्याने बारीक तंतू पोचवतात. नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये विजेचे हलके झटके देऊन नसांचा वेग मोजतात, पण तो जाड तंतूंचा. बारीक तंतू त्यात दिसतच नाहीत. म्हणजे तो नॉर्मल रिपोर्ट खोटा नसतो, फक्त तो दुसऱ्याच तंतूंबद्दल बोलत असतो. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून पेशंटला घरी पाठवतात तेव्हा म्हणूनच माझा जीव तुटतो.

माझ्या बाबतीत खरी दिशा मिळाली ती साध्या तपासणीतून. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा गुडघ्यापासून खाली फिरवत नेला. घोट्याच्या थोडं वर तो कापूस राहिलाच नाही, चटका बसला. त्यांनी तिथे पेनाने रेघ मारली. मग टाचणी, मग थंड धातू, शेवटी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा. टाचणी रेघेखाली बोथट लागत होती, फोर्कचं कंपन मात्र अंगठ्यापर्यंत स्पष्ट कळत होतं. जाड तंतू शाबूत, बारीक बिघडलेले, हे निम्मं तिथेच ठरलं. पुढे घोट्याच्या साधारण १० सेंटिमीटर वरून कातडीचा ३ मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले तंतू मोजले, ते वयाच्या मानाने कमी निघाले.

नाव मिळालं तरी कारण शोधावंच लागतं: साखर, बी-१२, थायरॉइड, दारू, केमोथेरपी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ मुद्दाम तपासून घ्या, त्याने ते कमी होऊ शकतं. बऱ्याच जणांत कारण सापडत नाही, आणि तरीही दुखणं तितकंच खरं असतं.

नसांची सगळी दुखणी मात्र एका मापाची नाहीत. नागीण बरी झाल्यावरही ३ महिन्यांपेक्षा जास्त त्याच जागी आग होत राहिली तर त्याचं निदान बहुतेक वेळा तुमच्या सांगण्यावरूनच होतं. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात चेहऱ्याच्या एका बाजूला काही सेकंद करंट बसतो. दाताचंच दुखणं समजून लोक चांगले दात काढून बसतात. तिथे एमआरआय करतात तो नस कशाने दाबली जातेय का, हे बघायला.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘दुखतं’ म्हणू नका. आग होते की करंट बसतो, मुंग्या येतात की बधीर वाटतं, पांघरुणाचा स्पर्श सोसतो का, रात्री वाढतं का, हे सगळं लिहून न्या. दुखणाऱ्या भागाचं चित्र काढून न्या. केलेल्या तपासणीत काय दिसत नाही, हेही विचारा. आणि हातापायातली ताकद झपाट्याने कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.