आधी कंट्रोल आणि खालचा बाण

तुर्भ्याच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी हिशेब बघते. नवीन लागलेलं कुणीही आठवड्याभरात विचारतंच, "ताई, एक्सेलमध्ये माऊसला हात न लावता इतकं भराभर कसं करता? कुठले शॉर्टकट पाठ करू?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

पाठ काही करू नका. शंभर शॉर्टकटची यादी भिंतीला चिकटवून ते कुणाच्या बोटांत उतरलेले मी पाहिले नाहीत. पहिला आठवडा एकच वापरा: कंट्रोल धरून खालचा बाण. एक्सेलच्या एका शीटला १०,४८,५७६ ओळी असतात. भरलेल्या रकान्यात हा शॉर्टकट दाबला की कर्सर थेट शेवटच्या नोंदीवर जातो. मात्र वाटेत रिकामी सेल, म्हणजे चौकट, लागली, तर तिच्या अलीकडेच थांबतो.

मला तो वेगापेक्षा या थांबण्यासाठी आवडतो. एका मार्चअखेरीला बिल्ट्यांच्या (माल पाठवल्याच्या पावत्यांच्या) रजिस्टरमध्ये वजनाच्या रकान्यात कर्सर ४१२व्या ओळीवर अडला. खाली तर नोंदी होत्या. मग तळाशी जाऊन कंट्रोल आणि वरचा बाण दाबला, तर तो ४१४वर थांबला. मधल्या गाडीचं वजन भरायचंच राहिलं होतं, म्हणजे तिचं भाडं बिलात आलंच नसतं. माऊसचं चाक फिरवत गेले असते तर ती ओळ डोळ्यांखालून निघून गेली असती. तेव्हापासून बेरीज करण्याआधी मी प्रत्येक रकान्यातून वरून एकदा आणि खालून एकदा जाते.

हे अंगवळणी पडलं की सोबत शिफ्ट धरा, तेवढा भाग सिलेक्ट होतो. पुढच्या आठवड्यात एफ-४. डिझेलचा दर एकाच सेलमध्ये ठेवलाय आणि फॉर्म्युला खाली ओढायचाय, तर फॉर्म्युला लिहितानाच त्या सेलच्या नावावर (जसं B1) एफ-४ दाबा. डॉलरच्या खुणा लागतात आणि ओढताना दर जागचा हलत नाही. (बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएन धरावं लागतं. त्यापायी पुष्कळ जण "चालत नाही" म्हणून सोडून देतात.)

बेरजेला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह. तारखेला कंट्रोल आणि अर्धविराम: आजची तारीख पडते आणि उद्याही तीच राहते. टुडे फॉर्म्युल्याची तारीख दिवसागणिक बदलते, आवक-जावक रजिस्टरला ती चालत नाही.